कायदा सैल झाला की गांजा वाढतो का? कोल्हापूरकरांचे प्रश्न

थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, दुकानातल्या विक्रीला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. मागच्या अंकात याची छोटी चौकट छापली आणि कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळकडून पत्रांचा ढीग आला. त्यातली निवडक इथं घेतली आहेत. उत्तरं व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि अमली पदार्थांच्या खटल्यांत उभं राहणाऱ्या वकिलांनी मिळून दिली आहेत.

जिथं गांजा कायदेशीर झाला तिथं मोठी माणसं जास्त ओढायला लागली का? एक बातमी म्हणते वाढला, दुसरी म्हणते काहीच फरक नाही. विश्वास कशावर ठेवायचा?
— निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

दोन्ही बातम्या बहुतेक वेळा खऱ्याच असतात, फक्त त्या वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. ‘वर्षभरात एकदा तरी घेतला का’, ‘गेल्या महिन्यात घेतला का’ आणि ‘रोज किंवा जवळपास रोज घेता का’ हे तीन निराळे प्रश्न आहेत. त्यातला कुठला विचारला, हे बातमीत सहसा नसतं. वय किती धरलं, हेही नसतं.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून मौजेखातर गांजा घेणं कायदेशीर आहे. तिथल्या सरकारच्या वार्षिक पाहणीत वर्षभरात एकदा तरी गांजा घेतलेल्यांचं प्रमाण २०१८ मध्ये २२ टक्के होतं, २०२३ मध्ये २६ टक्के. म्हणजे वाढ आहे, पण गावच्या गाव नशेत बुडालं असं काही झालेलं नाही. घेणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा रोजचा, हे प्रमाण मात्र तसंच राहिलं.

अमेरिकेत २००८ ते २०१६ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांनी मुभा दिली तिथं २६ वर्षांवरच्यांत ‘गेल्या महिन्यात घेतला’ म्हणणारे ५.६५ वरून ७.१० टक्क्यांवर गेले. वारंवार घेणारे २.१३ वरून २.६२ टक्के झाले. ज्यांचं घेणं आजाराच्या पातळीला पोचलं असे ०.९० वरून १.२३ टक्के. १८ ते २५ वयोगटात मात्र दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. ‘कायदा आला की कॉलेजची पोरं बिघडणार’ ही भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात आकडा हलला तो सव्विशी गाठलेल्या आणि त्यापुढच्या माणसांचा.

यावर एक रास्त शंका निघते. ज्या राज्यांनी कायदा केला तिथं गांजा आधीपासूनच जास्त चालत असेल, तर दोष कायद्याचा की त्या समाजाचा? याला चांगलं उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळालं. कोलोरॅडो आणि मिनेसोटा या राज्यांत लहानपणापासून नोंदवलेल्या जुळ्यांपैकी काही जोड्यांत एक भावंड कायदेशीर राज्यात राहत होतं, दुसरं बेकायदा राज्यात. आईबाप, बालपण तेच, एकसारख्या जुळ्यांत तर रक्तही तेच. तरी कायदेशीर राज्यातल्या भावंडाचं घेण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच संशोधकांना आजाराच्या पातळीवरच्या व्यसनात मात्र तशी वाढ सापडली नाही. वरच्या पाहणीशी हे जुळत नाही, आणि हा मुद्दा अजून सुटलेला नाही.

दुसरी शंका अशी की बंदी उठली म्हणून लोक पाहणीत खरं बोलायला लागले असतील. तेही थोडंफार होतंच. म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या एका शहराचं सांडपाणी तपासण्यात आलं. लघवीतून बाहेर पडणारा गांजाचा अंश २०१३ ते २०१६ या काळात तिमाहीगणिक वाढत गेलेला दिसला. गटार काही लाजून खोटं सांगत नाही.

आता सगळं खापर कायद्यावर फोडायचं का? नाही. अमेरिकेत रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे १९९२ मध्ये ९ लाखांच्या घरात होते. २०२२ मध्ये १ कोटी ७७ लाख. रोज दारू पिणाऱ्यांपेक्षा (१ कोटी ४७ लाख) ते जास्त झाले. पण ही चढण २००८ च्या सुमारास सुरू झाली, आणि मौजेचा गांजा विकणारं पहिलं कायदेशीर दुकान उघडलं १ जानेवारी २०१४ ला, कोलोरॅडोत. लोकांचं मत आधी सैल झालं, कायदा मागून आला, आणि मग त्यानं वेग वाढवला. आमचं मत विचाराल तर वाढ होते, ती प्रौढांत होते, आणि नव्या हौशींपेक्षा जुन्या गिऱ्हाइकांच्या मात्रेत जास्त होते. कोलोरॅडोच्या महसूल खात्यानं २०१४ मध्ये बाजाराचा हिशेब करवून घेतला, तेव्हा रोज घेणारे एकूण घेणाऱ्यांत २२ टक्केच निघाले, पण माल मात्र ६७ टक्के त्यांच्याच पोटात जात होता.

कायदा झाला म्हणून कोणी दुसऱ्या दिवशी उठून चिलीम पेटवत नाही. मग वाढ होते ती नेमकी कशानं?
— व्यापारी, राजारामपुरी

तुम्ही व्यापारी आहात, तेव्हा भावापासूनच सुरू करू. चोरट्या मालाच्या भावात पकडलं जाण्याची जोखीम धरलेली असते. ती गेली, शेडमध्ये एकरांनी लागवड झाली, की भाव कोसळतो. वॉशिंग्टनमध्ये २०१४ च्या जुलैत दुकानं उघडली तेव्हा टंचाईमुळे ग्रॅमचा भाव चढा होता. दोन-तीन वर्षांत तो निम्म्याच्याही खाली आला. कधीतरी घेणाऱ्याला त्याचं फारसं काही नाही. रोजवाल्याचा महिन्याचा खर्च मात्र तोच राहतो आणि माल दुप्पट येतो.

दुसरं कारण ताकद. नशा आणणारा घटक टीएचसी. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात तो १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होता, २०१४ मध्ये १२. दुकानात मिळणारे अर्क ६० ते ९० टक्क्यांपर्यंत जातात. ‘आमच्या आजोबांच्या काळी बुवा-बैरागी ओढतच होते की’ असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आणि तिसरं कारण, ज्याकडे लोकांचं लक्ष कमी जातं, ते वासाचं. चिलमीचा वास गल्लीभर जातो, म्हणून ती ओढायला आडोसा आणि वेळ लागतो. गांजा घातलेली गमी (जेलीसारखी गोळी) चघळायला दोन्ही लागत नाही, व्हेपपेनचा (वाफ ओढायच्या इलेक्ट्रिक नळीचा) वासही मिनिटात विरतो. संध्याकाळची गोष्ट मग सकाळी, कामाच्या वेळीही होऊ लागते.

म्हणून ‘कायदेशीर’ हा एकच शब्द ऐकून मत बनवू नये. उरुग्वेनं २०१३ मध्ये कायदा केला, पण माणसानं नाव नोंदवायचं, घरी सहा झाडं किंवा क्लब किंवा औषधाचं दुकान यातला एकच मार्ग निवडायचा, महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा, जाहिरात बंद. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं चालतात. विक्रीची दुकानं नाहीत. कॅनडात खाण्याच्या गांजाच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. कोलोरॅडोत एका तुकड्यालाच १० मिलिग्रॅमची आणि पाकिटाला १०० ची मुभा. चुकून जास्त खाण्याचे प्रकार कुठं होणार, हे सांगायला नको. आणि अ‍ॅमस्टरडॅमचा दाखला देणाऱ्यांना एवढंच सांगणं की तिथं कॉफी शॉपमधून माणशी ५ ग्रॅम विकण्याकडे सरकार कानाडोळा करतं. गांजा तिथं कायदेशीर झालेला नाही.

मुलगा टोरांटोला असतो, दिवाळीला येतोय. त्याच्या फ्रीजमध्ये गांजाच्या गमीज असतात, हे सूनबाईंनी सांगितलं. तिकडं चालतं म्हणे. तो इकडं घेऊन आला तर? आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत, चुकून खाल्ली तर काय करायचं?
— गृहिणी, शाहूपुरी

आणू नये, हे त्याला आजच फोन करून सांगा. कॅनडातून गांजा बाहेर नेणं खुद्द कॅनडाच्या कायद्यानं गुन्हा आहे. इकडं तो अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ प्रमाणे आयातीचा गुन्हा होतो. तिकडचं बिल, दुकानाचं सीलबंद पाकीट याचा बचावाला उपयोग नाही. उलट नेमकं काय आहे ते पाकिटावरच छापलेलं असतं. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलंय की मिश्रण असेल तर अमली भागाचं नव्हे, सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. बॅगेचे सगळे कप्पे, जॅकेटचे खिसे त्यानं निघण्याआधी रिकामे करून पाहावेत. अडकतात ती माणसं बहुधा विसरलेल्या एका पुडीनं. मुलानं नागरिकत्व बदललं नसेल तर आणखी एक गोष्ट : हा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. आणि तिथून अमेरिकेला कामाला जायचा विचार असेल, तर व्हिसा-ग्रीन कार्डचा कारभार केंद्राच्या कायद्यानं चालतो. एखाद्या राज्यात मुभा आहे म्हणून तिथं माफी नाही.

आता चुकून खाल्ली तर. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो; खाल्लेला पोटातून, यकृतातून जातो, म्हणून अर्धा ते दोन तास काहीच जाणवत नाही. इथंच घोळ होतो. ‘काही झालं नाही’ म्हणून माणूस दुसरी खातो, मग दोन्ही एकदम चढतात. जोर दोन ते चार तासांनी असतो, अंमल आठ-दहा तासही टिकतो. सवय नसलेल्याला अडीच मिलिग्रॅमही जाणवतं.

आणखी काही न खाता शांत खोलीत टेकून बसा, कोणीतरी सोबत राहा. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, झोपेत ठसका लागू शकतो. उठताना चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असेल तर. बाथरूमला एकट्यानं जाऊ नका. छातीत दुखलं, धाप लागली, हाक मारून जाग आली नाही किंवा भलतंसलतं बोलणं सुरू झालं तर ९११ (तिथला तातडीचा नंबर), आणि पाकीट सोबत घ्या. लहान नातवंडानं खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय. पोरांना श्वास मंदावण्याइतकी गुंगी येते. सूनबाईंना सांगून ते पाकीट कुलपात आणि मूळ डब्यातच ठेवायला लावा. खाऊच्या बरणीत तर अजिबात नको.

एक किलोपर्यंत गांजा जवळ असला तर पोलीस काही करू शकत नाहीत, असं मित्र सांगतात.
— विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

मित्र बदला, निदान कायद्याच्या सल्ल्यापुरते तरी. १ किलो ही ‘अल्प मात्रे’ची सीमा आहे, माफीची नाही. त्याच्या आत असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ ते २० किलोच्या मधे असेल तर दहा वर्षांपर्यंत, २० किलोच्या वर दहा ते वीस वर्षं आणि जामिनाची कठीण अट. चरसाला याच सीमा १०० ग्रॅम आणि १ किलो. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गुन्हा नोंदला की पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत तो वर येतो.

महाशिवरात्रीची भांग मग कशी चालते?
— वाचक, गडहिंग्लज

एनडीपीएस कायद्यानं ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुललेले शेंडे धरले आहेत. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी त्यातून वगळली आहेत, म्हणून भांग त्या कायद्यात बसत नाही. पण तेवढ्यावर मोकळीक मिळत नाही. ती राज्याच्या अखत्यारीत येते, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगणं, विकणं, पिणं गुन्हा आहे. तालमीतल्या बदामाच्या थंडाईचा याच्याशी संबंध नाही. ती खुशाल प्या.

उसाच्या मधल्या सऱ्यांत गांजाची चार-पाच झाडं सापडली. लावली कुणी ते ठाऊक नाही. शेत माझ्या नावावर, कसतो दुसराच. उपटून बांधावर टाकली तर मिटतंय काय?
— शेतकरी, शिरोळ तालुका

मिटत नाही, वाढतं. उपटलेलं झाड तुमच्या हातात आलं की ताबा तुमचा. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४६ प्रमाणे अशी लागवड दिसली तर जमीनधारकानं लगेच पोलिसांना कळवायला हवं. माहीत असून गप्प बसलं तर तोच गुन्हा. कलम ४७ नं हीच जबाबदारी सरपंच आणि गावकामगारांवरही टाकली आहे. झाडांना हात न लावता दोन-तीन फोटो काढा, ज्यात आजूबाजूचा ऊस आणि बांध दिसेल. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. सातबारा, आणि कसणाऱ्याशी खंडानं किंवा वाट्यानं काही लिहून झालं असेल तर तो कागद सोबत न्या. अर्जात झाडं कुठल्या तारखेला, कुणाला पहिल्यांदा दिसली ते लिहा. लागवडीला ‘अल्प मात्रा’ अशी सवलत नाही; झाडं चार असोत की चारशे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. ऊस डोक्याएवढा झाला की मधे कोण काय लावतंय ते मालकालाही दिसत नाही, आणि लावणारा त्याचाच फायदा घेतो. म्हणून भरणीच्या आणि पाचट काढायच्या वेळी आतून एक फेरी मारावी.

धाकटा भाऊ २८ वर्षांचा, यंत्रमागावर रात्रपाळी करतो. सहा वर्षं रोज ओढतोय, सिगारेटीतली तंबाखू काढून त्यात मिसळून. दोनदा सोडली, चौथ्या-पाचव्या दिवशी परत सुरू. मारहाण करून, कोंडून काही होत नाही. काय करावं?
— मोठा भाऊ, इचलकरंजी

चौथा-पाचवा दिवस हीच ती जागा. गांजा थांबवला की पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात ते कळसाला जातं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. झोप आणि विचित्र स्वप्नं मात्र आणखी रेंगाळतात. तिसऱ्या-चौथ्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि ‘झोपेपुरता एक झुरका’ म्हणून गाडी परत रुळावरून घसरते. त्याची इच्छाशक्ती कमी नाही. त्याला हे दिवस येणार, हे कोणी आधी सांगितलेलं नसतं.

दुसरी अडचण तंबाखूची. तो एक नव्हे, दोन व्यसनं एकदम सोडतोय. सिगारेट चालू ठेवली तर तीच कृती, तीच काडी, तोच मित्र समोर येतो. निकोटिनची २ मिलिग्रॅमची च्युइंगम डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. ती च्युइंगमसारखी सारखी चावायची नसते, दोन-चारदा चावून गालात दाबून ठेवायची.

सोडण्याआधी आठवडाभर त्याला फक्त लिहायला सांगा : किती वाजता, कुणाबरोबर, किती. मग दिवसाचा पहिला झुरका दोन-दोन तासांनी पुढे ढकलायचा. पाळी सुटल्यावर पहाटे ओढून झोपत असेल तर तो झुरका सगळ्यात शेवटी सुटेल, त्यावर आधी हात घालू नका. सोडायची तारीख दिवसपाळीच्या किंवा सुट्टीच्या आठवड्याच्या सुरुवातीला धरा. चिलीम, कागद, लायटर घराबाहेर. झोपेसाठी दुकानातून गोळी आणू नका. अल्प्राझोलामसारखी गोळी काही आठवड्यांत स्वतःच नवं व्यसन बनू शकते. गांजा सोडवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. डॉक्टर झोपेसाठी थोडे दिवस काही देतील, खरं काम समुपदेशनाच्या सहा ते बारा बैठका करतात. तो रोज दारूही पीत असेल तर ती मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात.

सकाळी सकाळी उलट्या होऊन त्याला गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटत असेल, तर ते ‘पित्त’ म्हणून सोडू नका. जुन्या गांजावाल्यांत हा ठरावीक त्रास दिसतो आणि पित्ताच्या गोळ्यांनी तो जात नाही. कानात आवाज, सगळे आपल्यावर टपलेत असा संशय, जीव द्यायची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेली मानसचा १४४१६. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ वाचून घ्या : सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या आरोपातला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेऊन ते पुरे करतो, त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले की ते जातं. खासगी केंद्र निवडाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आधी बघा. साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरळ बंद आहे. ‘तीन महिने भेटायला यायचं नाही’ असं सांगणाऱ्या ठिकाणी भावाला सोडून येऊ नका.

मर्चंट नेव्हीच्या भरतीआधी लघवी तपासतात. गांजा किती दिवस दिसतो?
— वाचक, कागल

एकदाच घेतलं असेल तर साधारण तीन दिवस, आठवड्यातून काही वेळा घेत असाल तर आठवडाभर, रोज भरपूर घेत असाल तर महिनाभर, कधी त्याहून जास्त. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू सुटतं. पहिली चाचणी साधारण मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमवर लागते, नंतरची खात्रीची १५ वर. बादलीभर पाणी पिऊन, लिंबू-व्हिनेगर घेऊन उपयोग नाही; नमुन्यातलं क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ घटक) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आलं की ‘पातळ’ म्हणून परत बोलावतात. भांगेची थंडाईही चाचणीत येते, कारण तपासयंत्राला पान आणि शेंडा यातला कायदेशीर फरक कळत नाही. वैद्यांच्या चिठ्ठीनं ‘विजया’ (आयुर्वेदातलं भांगेचं नाव) असलेलं औषध घेत असाल तर ती चिठ्ठी नमुना देण्याआधी दाखवून अर्जावर नोंद करून घ्या.